पहिल्या हौदाची चव

दत्तोबाची जीभ गेली ती मुदतीच्या तापात. दिवाळीच्या सुमारास अंथरूण धरलेला माणूस थंडी सरता सरता उठून अंगणात आला. हातपाय हळूहळू कामाला लागले, कान पूर्वीइतकेच तिखट राहिले, पण तोंडात काही घातलं की राख चघळल्यासारखं वाटायचं. भाकरी राख, पिठलंही राख. थोरली बहीण छबूबाई त्याच्याच घरी राहायची. ती कालवणात मुद्दाम मीठ जास्त टाकायची आणि विचारायची, "आज काय लागतंय का?" तो मान हलवायचा आणि मुकाट जेवायचा. बाकीच्यांना मात्र ते खारट कालवण गिळावं लागायचं.

दुसऱ्या कुणाचं जिभेवाचून फारसं अडलं नसतं. पण दत्तोबा कातडी कमावणारा होता. तळवड्याच्या शिवेला, इंद्रायणीकडे जाणाऱ्या ओढ्याच्या काठी, बाभळींच्या सावलीत त्याचे हौद होते, आणि या कामात जीभ म्हणजे सोनाराचा तराजू.

कच्चं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं. वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं, आणि पुन्हा भिजलं की पुन्हा कुजायला लागतं. त्याचं टिकाऊ, लवचीक चामडं व्हायचं असेल तर त्याला बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं तुरट पाणी पाजावं लागतं. हिरड्याचा तुकडा चावला की जीभ कोरडी पडून आकसल्यासारखी होते. तोच तुरटपणा कातड्याच्या आत शिरतो, त्याच्या धाग्याधाग्याला धरतो, आणि मग ते कुजत नाही. मात्र नुसत्या तुरटपणाने भागत नाही. त्याला आंबटपणाची जोड लागते, आणि ती मोजकी लागते. आंबट कमी पडलं तर तुरटपणा कातड्याला नीट धरत नाही, चामडं काळपट आणि बिलबिलीत राहतं. जास्त झालं तर काय होतं, ते या गोष्टीत पुढे येईलच.

हौद एका ओळीत होते. पहिल्यात जुनं, बरंच वापरलेलं, सौम्य पाणी. दुसऱ्यात त्याहून कडक, आणि शेवटच्यात ताज्या सालीचं, सगळ्यात कडक. कातडं पहिल्यापासून सुरुवात करून शेवटच्यापर्यंत जायचं. दत्तोबा रोज सकाळी पहिल्या हौदात बोट बुडवायचा, जिभेच्या शेंड्याला लावायचा, थुंकायचा आणि चूळ भरायचा. तेवढ्यात त्याला कळायचं, की आज हौदाला काय हवंय. त्याच्या बापालाही असंच कळायचं.

आणि आता त्याच्या तोंडात नुसती राख होती.

संक्रांत झाल्यावर शौकतभाई बैलगाडी घेऊन आला. देहूरोडच्या बाजारात त्याचं चामड्याचं दुकान होतं. कच्ची कातडी तो दत्तोबाकडे टाकायचा, कमावलेलं चामडं घेऊन जायचा, आणि त्याचे ओझं ओढायचे पट्टे करून ठेकेदाराला द्यायचा. कित्येक वर्षांचा हा रिवाज होता. या वेळी गाडीत म्हशीची जाड कातडी होती. ती उतरवून झाल्यावर शौकतभाई बाभळीखाली टेकला आणि काटकीने मातीत रेघोट्या ओढू लागला.

"बोला की शौकतभाई. मनात काय हाय?"

"माझा भाचा आहे ना, अन्वर. तो म्हणतो, मामू, ओढ्याकाठचे हौद आता सोडा. मुंबईला कातडी मोठ्या लाकडी पिंपात घालून यंत्राने फिरवतात. आठवड्याभरात निळं निळं चामडं बाहेर पडतं. इथं महिने जातात."

"आन् तुमी काय म्हणता?"

"मी म्हणतो, पट्ट्याला दत्तोबाचंच चामडं. पण मागच्या खेपेला काही कातडी आतून कच्ची निघाली."

"तवा मी अंथरुणावर व्हतो."

"म्हणून तर तोंडातून शब्द काढला नाही. ही खेप बघू. चांगली निघाली तर काम इथंच. नाही निघाली तर, दत्तोबा, मलाही अन्वरचं ऐकावं लागेल. मन खट्टू करू नकोस."

शौकतभाई गेला. दत्तोबाने त्याला जिभेचं काही सांगितलं नाही. पण त्या रात्री जेवताना त्याने घरातल्यांना सांगितलं, की आता चाखायला दुसरी जीभ पाहिजे. ती मिळाली नाही तर हौद मातीने बुजवून टाकलेले बरे.

घरात माणसं मोजकी. छबूबाई, दत्तोबाचा मुलगा ज्योतीराम आणि सून इंदू. ज्योतीराम पिंपरीला एका नव्या कारखान्यात लागला होता. सायकलवरून शिफ्टला जायचा आणि सुटीच्या दिवशी बापाला कातडी उचलू लागायचा.

"मी चाखतो की," ज्योतीराम म्हणाला.

छबूबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या जिभेवर तंबाखूचा चुना बसलाय. तिच्यावर इस्तू ठेवला तरी तुला कळायचं न्हाई."

"आन् तू दिवसातनं तीनदा मिश्री लावतीस ती?"

"माझी कुठं कोण मागतंय? माझी जीभ हाय ती तुला बोलायापुरती."

मग तिघांची नजर एकदमच इंदूकडे गेली. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "मला काय बघताय?"

इंदूचं माहेर जुन्नरकडचं. लहानपणी तिने आईबरोबर डोंगरात हिरडे वेचले होते. हिरडा तिला हातात घेतल्यावर कळायचा, कोवळा आहे की जून आहे. तंबाखू नाही, मिश्री नाही. स्वच्छ जीभ.

दत्तोबाने तिला शिकवायला घेतलं. तो कधी "हे बरोबर, हे चूक" असं म्हणत नसे. आधी तिला डोळे मिटायला लावून तीन वाट्या दिल्या. एकीत आजचं ताक, एकीत कालचं, एकीत परवाचं.

"ह्यातली कंची वाटी जेवताना घेशील?"

"ही आजची."

"आन् कढीला?"

"ही परवाची."

"मधली ऱ्हायली ती आपल्या पहिल्या हौदाची. कालच्या ताकाएवढं आंबट. ध्यानात ठेव, ताक न्हाई चाखायचं, आंबटपणा चाखायचा."

पहिल्या दिवशी हौदाच्या वासानेच तिने नाक मुरडलं. हळूहळू तिला सरावाने समजू लागलं. तुरट वेगळं, आंबट वेगळं, आणि तुरटाच्या मागे आंबट कसं लपतं, तेही.

कातडी आधी चुन्यात भिजवून केस काढले, मग ओढ्याच्या पाण्यात धुतली. धुतल्यावर दत्तोबाने प्रत्येक कातड्याच्या कडेचा तुकडा कापून कापलेल्या जागी ओली हळद चोळली. हळद लाल झाली तर आत चुना उरला आहे असं समजायचं, कारण हळदीला चुना लागला की ती लाल होते. पिवळीच राहिली तर कातडं पुढे न्यायला तयार. सगळे तुकडे पिवळे राहिले. कातडी पहिल्या हौदात गेली.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. इंदू सकाळी चाखून सांगायची, "कालच्यावानीच हाय, मामंजी." दत्तोबा मान डोलवायचा.

मग चैत्र लागला. ऊन तापलं, बाभळींच्या शेंगा वाळून खळखळू लागल्या. आणि एका सकाळी इंदू म्हणाली, "पाणी फिकं लागतंय."

दत्तोबाच्या भुवया वर गेल्या. उन्हाळ्यात हौदाचं पाणी आपोआप आंबत जातं, जसं उन्हाळ्यात ताक लवकर आंबतं. मग फिकं कसं?

"नीट चाखलंस?"

"दोनदा चाखलं."

त्याने क्षणभर विचार केला. शिकवलेल्या माणसावर पहिल्याच वळणावर अविश्वास दाखवला तर ते माणूस पुढे कधी स्वतःहून तोंड उघडत नाही, हे त्याला माहीत होतं. कोपऱ्यात एक रांजण असायचा, त्यात हिरड्याचं मुरवलेलं आंबट पाणी. त्यातलं थोडं त्याने पहिल्या हौदात ओतलं. काही दिवसांनी इंदू पुन्हा म्हणाली, फिकं आहे. पुन्हा ओतलं. नंतर तिसऱ्यांदा.

ज्योतीरामच्या सुटीच्या दिवशी दोघांनी मिळून एक कातडं वर काढलं. म्हशीच्या ओल्या कातड्याचं वजन काय सांगावं, दोघांचेही खांदे भरून आले. ते उन्हात पालथं घातल्याबरोबर दत्तोबा त्यावर वाकला. केसांच्या बाजूला बारीक बारीक सुरकुत्या होत्या, म्हाताऱ्याच्या गळ्यासारख्या. त्याने मानेकडचा जाड कोपरा धरून सुरी चालवली आणि कापलेली कड उजेडाकडे धरली.

वरून तपकिरी, खालून तपकिरी. मधोमध पांढरी फटक पट्टी, खोबऱ्याच्या कातळीसारखी.

"कच्चं," ज्योतीराम हळूच म्हणाला.

"दुसरं काढ."

दुसरंही तसंच. तिसरं काढायची गरज पडली नाही.

इंदू हौदाच्या कठड्याला धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळं झालं, मामंजी. मीच फिकं फिकं म्हणत ऱ्हायले."

"थांब पोरी. आधी काय झालं ते बघू. कुणामुळं, ते मागनं."

दत्तोबा घाबरला नव्हता असं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे शौकतभाईची परतलेली रिकामी गाडी उभी राहिली होती. पण त्याची सवय अशी, की अडचण आली की तिचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा हातात घेऊन बघायचा. त्याने पांढऱ्या पट्टीवर हळद चोळली. पिवळीच राहिली. म्हणजे चुना नाही. साल हातात घेतली. नेहमीची, त्याच झाडांची. मग उरलं पाणी.

"ज्योतीराम, चूळ भर. खळखळून भर. आन् चाख."

"माझ्या जिभेला काय कळणार?"

"चाख तर खरं."

ज्योतीरामने बोट बुडवून जिभेला लावलं, आणि त्याचा सगळा चेहरा आक्रसला. एक डोळा मिटला, खांदे वर गेले. "दात आंबले की ओ आबा."

तंबाखूने बधिर झालेल्या जिभेलाही झोंबावं, इतकं ते आंबट होतं.

"इंदू, आता तू."

इंदूने चाखलं. सगळे तिच्याकडे बघत होते. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "कालच्या ताकाएवढं. जरा कमीच."

ज्योतीराम एकदा बायकोकडे, एकदा हौदाकडे बघत राहिला. छबूबाई तेवढ्यात भाकरी घेऊन आली होती. तिने काय चाललंय ते ऐकलं, दुरडी खाली ठेवली आणि इंदूच्या जवळ जाऊन उभी राहिली.

"पदराला काय बांधलंयस गं?"

"काय न्हाई, आत्याबाई."

"सोड बघू."

इंदूने गाठ सोडली. आत बारक्या बारक्या कैऱ्या होत्या, कोय न धरलेल्या, झाडाखाली गळून पडलेल्या. निम्म्यांवर दातांच्या खुणा. छबूबाईने एकीचा तुकडा तोंडात टाकला आणि अंगावर पाणी पडल्यागत शहारली.

"मीठ न्हाई, तिखट न्हाई, नुसती खातीस ही?"

"चांगली लागती."

"चांगली लागती," छबूबाईने तिचाच शब्द पुन्हा उच्चारला. मग आवाज खाली आणला. "इंदू, किती म्हैने झाले?"

इंदूने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने ती माती उकरू लागली. "दुसरा सरंल आता."

"आन् तोंडानं बोलली न्हाईस?"

"मागल्या बारीला साऱ्या गावाला सांगून बसले व्हते. पेढं वाटून झालं, आन् मग ते राहिलं न्हाई. म्हनलं, ह्या बारीला जरा गप ऱ्हावं."

ज्योतीराम दोन पावलं पुढे आला. "मला तर सांगायचंस."

"तुमी शिफ्टवरनं येता आन् उशीला डोकं टेकायच्या आत घोरता. कुणाला सांगू? उशीला?"

दत्तोबा हौदाच्या कठड्यावर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. छबूबाईला वाटलं, हा रडतोय. पण तो हसत होता. तापातून उठल्यापासून त्या घराने त्याचं हसणं ऐकलं नव्हतं.

"काय झालं आबा?"

"काय न्हाई. पोरीची जीभ खोटं बोलली न्हाई रं. तिला आंबटाची भूक लागलीया, तर आंबट तिला आंबट लागंल कसं? आन् मी म्हातारा रांजणावर रांजण ओततोय."

छबूबाईने इंदूची पाठ थोपटली, तिथल्या तिथे बोटं मोडून दृष्ट काढली, आणि मग कठोर आवाजात जाहीर केलं, "आजपास्नं ह्या पोरीच्या तोंडात हौदाचं पाणी जायाचं न्हाई. जिभेची सोय तुमी तुमची बघा."

कारण कळलं होतं. निम्मी अडचण तिथेच हलकी झाली. पण कातडी अजून कच्चीच होती, आणि शौकतभाई मृग लागायच्या आत येणार होता.

"ही आता वाया गेली का?" इंदूने विचारलं. तिला काम बंद केलं होतं, पण ती तिथून हलायला तयार नव्हती.

"चाकणचा बाजार बघितलाय तू?" दत्तोबाने विचारलं. कुणी घाईला आलं की तो असाच कुठूनतरी लांबून सुरुवात करायचा. "कांद्याच्या गाड्या येत्यात. गाडीतळाचं तोंड अरुंद असतंय. पहिल्यानं आलेल्यांनी तोंडातच बैल सोडलं, तर मागच्यांनी काय करायचं?"

"भाईर थांबायचं."

"आन् आत?"

"आत मोकळं रान."

"तसं झालंय. पाणी लई आंबट असलं की तुरटपणा कातड्याच्या तोंडाशीच बैल सोडतो. वरल्या अंगाला घट्ट धरून बसतो. मागनं येणाऱ्याला वाट न्हाई, म्हणून मधी पांढरं. आंबट बेताचं असलं की तो सावकाश आत जातो, शेवटाला जाऊन बसतो. मग हळूहळू आंबट आन् कडकपणा वाढवत न्यायचा. तवर आतली जागा भरलेली असती."

"मग तोंडातल्या गाड्या हलवायच्या कशा?"

दत्तोबा खूश झाला. विचारायला हवा तोच प्रश्न तिने विचारला होता. "आंबटाच्या उलट काय?"

इंदूने विचार केला. "चुना?"

"चुना लई दांडगा, चामडं नासंल. त्याच्यापेक्षा गरीब."

"खार," छबूबाई मागून म्हणाली, आणि लगेच तिला आपण काय बोललो ते उमगलं. "माझा पापडखार? दत्तोबा, पापड लाटायचे दिस हायेत. उडदाचं पीठ दळून आणलंय."

"पापड पुढल्या वर्षी खाऊ."

"पुढल्या वर्षी म्हणं. घरात बाळंतीण असंल, आन् पापड न्हाई."

पण डबा तिनेच आणून दिला. साध्या पाण्याच्या टाकीत अगदी थोडा पापडखार विरघळवला. कातडी त्यात थोडा वेळ हलवली, इतकीच की वरच्या अंगाला घट्ट बसलेला तुरटपणा जरा सैल व्हावा. पाणी लालसर झालं. मग ओढ्याच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. "रंग काळवंडंल जरा," दत्तोबा म्हणाला. "खाराचा तो गुण हाय. त्याला इलाज न्हाई."

पहिला हौद निम्मा उपसून त्यात साधं पाणी सोडलं. आता तो सौम्य झाला होता. पण किती सौम्य? इथे गाडं पुन्हा जिभेवर येऊन अडलं. एका जिभेला राख, एकीला तंबाखू, एकीला मिश्री, आणि चौथीला मनाई.

दत्तोबा बाभळीखाली बसून राहिला. पाणी किती आंबट आहे, हे ज्योतीरामच्या जिभेला सांगता येणार नाही, हे खरं. पण शेजारी शेजारी दोन पाणी ठेवली तर त्यातलं कुठलं जास्त आंबट, एवढं तरी ती सांगेल. आंधळ्या माणसाला हातातल्या धोंड्याचं वजन आकड्यात सांगता येत नाही, पण दोन हातांत दोन धोंडे दिले तर जड कुठला ते तो चटकन सांगतो. म्हणजे एक ठरलेलं आंबट पाणी हवं. दत्तोबाच्या बापाने त्याला लहानपणी शिकवताना एक माप सांगितलं होतं. सुपारीएवढी चिंच, तांब्याभर पाण्यात रात्रभर भिजवून ठेवायची. पहिल्या हौदाची ती चव. पुढे दत्तोबाची जीभ तयार झाली, आणि ते माप तो विसरून गेला होता.

त्याने इंदूला चिंच भिजवायला सांगितली. सकाळी ज्योतीराम शिफ्टला निघायच्या आधी चूळ भरून, तोंड घासून हौदापाशी आला.

"तांब्या आण," दत्तोबा म्हणाला.

इंदू आतून तांब्या घेऊन आली. तो रिकामा होता. तळाशी चिंचेचा चोथा तेवढा उरला होता.

"पाणी कुठंय?"

इंदूने पदराने ओठ पुसले. छबूबाईने कपाळाला हात लावला. "पिऊन टाकला की हो नमुना."

"सकाळी उठल्या उठल्या एवढं बरं वाटलं," इंदू म्हणाली.

ज्योतीराम सायकलचं पायडल मारत हसत हसतच कामावर गेला. त्या दिवसापासून घरात दोन तांबे भिजत पडू लागले, एक हौदाचा आणि एक इंदूचा. हौदाच्या तांब्याच्या गळ्याला छबूबाईने सुताचा दोरा बांधून ठेवला, म्हणजे अंधारात कुणाची चूक होऊ नये.

ज्योतीराम रोज एकदा तांब्यातलं चाखायचा, चूळ भरायचा, मग हौदातलं चाखायचा. सुरुवातीला तो गोंधळायचा. मग त्याने स्वतःहूनच सकाळची तंबाखू कामावर पोचेपर्यंत लांबवली. "हौद जरा जास्त हाय," म्हणाला की साधं पाणी. "सारखंच हाय," म्हणाला की हात लावायचा नाही. उन्हाने पाणी आंबायची घाई करत होतं, पण तांब्या घाई करू देत नव्हता. कातडी सावकाश पुढच्या हौदात गेली, तिथून त्याच्या पुढच्यात. मधे दत्तोबाने कापून बघायचं टाळलं. इंदू रोज विचारायची आणि तो रोज म्हणायचा, "भात शिजताना सारखं झाकण काढत न्हाईत."

खरं तर त्यालाच सुरी हातात घ्यायचा धीर होत नव्हता. रात्री तो अंथरुणावर नुसता कूस बदलत पडायचा.

शौकतभाई ठरल्याप्रमाणे आला. गाडीवर गोणपाटं रचलेली होती. उतरल्या उतरल्या त्याने चहासुद्धा घेतला नाही. "आधी चामडं बघू."

वाळत घातलेलं एक चामडं त्याने खाली घेतलं. हातावर तोललं, वाकवलं, नखाने दाबलं, नाकाला लावलं. "रंग गडद आलाय, दत्तोबा."

"व्हय."

"सुरकुत्या होत्या का रे इथं? पुसटशा दिसतात."

"व्हत्या. बऱ्याचशा गेल्या."

शौकतभाईने कमरेची सुरी काढली. मानेकडचा सगळ्यात जाड कोपरा धरला. ज्योतीराम त्या दिवशी मुद्दाम थांबला होता. छबूबाई दारात उभी. इंदूने दोन्ही हात पदरात घट्ट धरले होते. दत्तोबा मात्र चामड्याकडे न बघता ओढ्याकडे बघत होता.

सुरी फिरली. शौकतभाईने कड उजेडाकडे धरली आणि तशीच धरून ठेवली.

"बघ की," तो म्हणाला. "इकडे बघ दत्तोबा."

दत्तोबाने मान वळवली. कापलेली कड गुळाच्या ढेपेसारखी होती, वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची. मधे कुठेही पांढरं नव्हतं.

शौकतभाईने आणखी दोन कापली. तीही तशीच. मग तो बाभळीखाली बसला आणि म्हणाला, "आता चहा आण पोरी."

चहा पिता पिता दत्तोबाने सगळं सांगितलं. गेलेली जीभ, पोरीची जीभ, रांजण, खार, तांब्या, काही हातचं राखून ठेवलं नाही. शौकतभाई ऐकत राहिला. शेवटी बशी खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे माझी खेप तुझ्या नातवाने बिघडवली होती?"

"नात बी असंल."

"जन्माला यायच्या आधी एवढा धंद्यात हात, तर पुढं काय करेल." त्याने इंदूकडे बघितलं. "तब्येत सांभाळ गं. आणि दत्तोबा, रंगाची फिकीर नको. पट्ट्यांना मी काळाच रंग चढवतो."

"आन् अन्वर?"

"अन्वर मुंबईचं निळं चामडं विकेल चपलांना. त्याचं त्याला. ओझं ओढणारा पट्टा इथलाच." शौकतभाई उठला, गाडीपाशी गेला आणि गोणपाटं बाजूला केली. खाली मीठ लावलेली कच्ची कातडी रचलेली होती.

छबूबाई म्हणाली, "ही काय हो? मघाशी का न्हाई सांगितलं?"

"उतरवायची का तशीच पुढं न्यायची, ते कापल्यावर ठरवणार होतो." तो ज्योतीरामकडे वळला. "चल राव, हात लाव. तांबेवाले आता तुम्हीच ना?"

"व्हय. पर ह्या चिंचेच्या पाण्यापायी माझी तंबाखू सुटायला लागलीया, शौकतभाई."

"मग तर माझे तुझ्या बायकोवर उपकारच झाले."

दोघं कातडी उतरवू लागले. ओझं जमिनीवर पडताना दर वेळी धप्पदिशी आवाज व्हायचा. इंदू नव्या कातड्यांसाठी हळद कुटायला आत गेली, आणि छबूबाई तिच्या हातातला बत्ता काढून घ्यायला तिच्या मागे गेली. मोजून घ्या म्हणून ज्योतीरामने बापाला हाक मारली. उत्तर आलं नाही. त्याने वळून पाहिलं.

दत्तोबा बाभळीच्या बुंध्याला टेकून, कापलेला तो तपकिरी तुकडा मुठीत धरून, भर दुपारी गाढ झोपला होता.